वाटेच्या माथी

माणूस दूर गेला की त्याची माया पातळ होते, असे आपण किती सहज म्हणून जातो! मुंबईला नोकरीस गेलेला भाऊ, पुण्यात बिऱ्हाड थाटलेला मुलगा, सासरी नांदणारी बहीण, यांच्याविषयी घरोघर हेच वाक्य ऐकू येते. दिवाळीच्या चार दिवसांत तर फारच. फराळाची ताटे मांडलेली असतात, एखादा पाट रिकामा असतो, आणि मग कोणीतरी ते वाक्य बोलतो. ऐकणारे माना डोलावतात. बोलणाऱ्याला वाटते, आपण जगाचा एक जुना नियमच सांगितला.

हा नियम मीही तीस वर्षे खरा मानून चाललो. त्याच्या आधारावर मी एका माणसाला दोषी ठरवले आणि माझ्या परीने शिक्षाही दिली. तो माणूस आता हयात नाही. निकाल चुकला असावा असा संशय मला त्याच्या माघारी येऊ लागला. गंमत अशी की, हा संशय मला कोणा सत्पुरुषाच्या ग्रंथात भेटला नाही. तो भेटला जुन्नर तालुक्यातल्या एका माळावर, रेडिओलहरींच्या गणितात.

वास्तविक तिथे जाण्याचे मला काही कारण नव्हते. मी शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे गणिताचे शिक्षण मॅट्रिकपुरते. गणिताचा आणि माझा संबंध त्या परीक्षेबरोबर संपला, आणि तो संपल्याचा आनंद आम्हा दोघांनाही सारखाच झाला असावा. पण नारायणगावजवळ खोडद येथे जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ती पाहण्यास २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी लोकांना मोकळीक असते. एका वर्षी आमच्या शाळेची सहल तिकडे निघाली, विज्ञानाच्या मास्तरांना ऐन वेळी ताप भरला, आणि चाळीस मुले सांभाळण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

ज्यांनी खोडद पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. दुर्बीण म्हटली की आपण डोळ्याला लावण्याची नळी मनात आणतो. इथे तसे काही नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या १६ तीन दिशांना गेलेल्या तीन रांगांत, कोसच्या कोस पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि परिश्रमांतून हे काम उभे राहिले. दुरून त्या तबकड्या भरीव परातीसारख्या वाटतात, पण जवळ गेल्यावर कळते की ती बारीक पोलादी तारांची जाळी आहे. वारा तिच्यातून आरपार निघून जातो. मीटरभर लांबीची रेडिओलहर मात्र त्याच जाळीवर अडते आणि परत फिरून मध्यावर गोळा होते.

आत शिरताना आम्हांला मोबाइल बंद करायला सांगितले. आकाशातून येणारा आवाज इतका क्षीण असतो की, आपल्या खिशातल्या यंत्राची कुजबुजही त्याला बुडवून टाकते. मुलांना याचे नवल वाटले. मला बरे वाटले.

प्रदर्शनात एक तरुण मुलगी फळ्याजवळ उभी राहून मुलांना समजावीत होती. फळ्यावर शब्द लिहिला होता, 'मुक्त अवकाशातील मार्गहानी'. भाषेच्या मास्तराला शब्द दिसला की राहवत नाही. मी विचारले,

"ताई, हानी म्हणजे नुकसान. मोकळ्या अवकाशात वारा नाही, धूळ नाही, डोंगर नाही. मग ही हानी करतो कोण?"

"कोणीच नाही, सर," ती म्हणाली.

"मग तिला हानी का म्हणायचे?"

ती हसली. तिने एका मुलाच्या हातात फुगा दिला, त्यावर पेनाने एक ठसठशीत ठिपका काढला आणि फुगवायला सांगितले. फुगा जसजसा फुगू लागला तसतसा ठिपका मोठा होत गेला आणि त्याची शाई फिकी पडत गेली.

"शाई कुठे गेली?" तिने विचारले.

"कुठेच नाही," मुले म्हणाली. "ती पसरली."

एवढाच तो नियम आहे. लहर निघते ती चहूकडे पसरत जाणाऱ्या गोलासारखी. अंतर दुप्पट झाले की त्या गोलाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि कोणा एकाच्या वाट्याला पूर्वीचा चौथा हिस्सा येतो. अंतर तिप्पट झाले की नववा आणि दहापट झाले की शंभरावा. वाटेत कोणी काही खाल्लेले नसते. निघालेले सगळे कुठेतरी जसेच्या तसे असते. केवळ एका ठिकाणी उभे राहून मोजणाऱ्याला ते थोडे भरते. पृथ्वीवर डोंगर, झाडे, भिंती, पाऊस ही मंडळी लहर खरोखरच गिळतात, त्याचा हिशेब वेगळा. मोकळ्या अवकाशात गिळणारा कोणी नाही. आणि आपण मात्र दोन्ही प्रकारांना एकच शब्द वापरतो, हानी.

इथवर मला समजले आणि पटलेही. पण खरा धक्का पुढेच होता, आणि तो माझ्याच वर्गातल्या एका मुलीने दिला. फळ्यावरच्या सूत्रात अंतराबरोबर लहरीची लांबीही होती. लहर जितकी आखूड, तितकी हानी जास्त, असे ते सूत्र सांगत होते. मुलीने विचारले, "ताई, आखूड लहर लवकर दमते का?"

"छान विचारलंस," ती म्हणाली. "नाही दमत. अवकाशाला सगळ्या लहरी सारख्या. लांब असो की आखूड, पसरण्याचा नियम एकच. फरक पडतो तो ऐकणाऱ्यामुळे. हे सूत्र मांडताना आपण ऐकणारा फार साधा धरलेला असतो. कुठल्याही दिशेकडे विशेष कान न देणारा. अशा ऐकणाऱ्याचा कान लहरीच्या लांबीवर ठरतो. मीटरभर लांबीची लहर असली तर त्याचा कान साधारण २८ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाएवढा भरतो, जेवणाच्या ताटाएवढा म्हण. दहा सेंटिमीटरची लहर असली तर तोच कान पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो. तिकिटाएवढा कान घेऊन बसलं तर कमीच ऐकू येणार. पण हिशेब लिहिताना आपण कानाचा लहानपणा वाटेच्या नावावर टाकतो आणि म्हणतो, वाटेत हानी झाली."

ती पुढच्या फळ्याकडे वळली. मी मात्र तिथेच उभा राहिलो. कानाचा लहानपणा वाटेच्या नावावर! माझ्या छातीत काहीतरी हलले, आणि ते गणितामुळे नव्हते.

पुढे मी या विषयाची थोडी माहिती मिळवली. हे सूत्र हॅराल्ड फ्रिस या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत काम केलेल्या इंजिनिअराने १९४६ साली प्रसिद्ध केले. त्यांनी त्याची जी मांडणी केली ती मला फार न्यायाची वाटते. तीत छेदस्थानी अंतराचा वर्ग आणि लहरलांबीचा वर्ग, आणि अंशस्थानी दोन क्षेत्रफळांचा गुणाकार. एक क्षेत्रफळ बोलणाऱ्याचे, दुसरे ऐकणाऱ्याचे. दोघे शेजारी शेजारी, सारख्या मानाने. बोलणाऱ्याने आपली तबकडी दुप्पट केली काय किंवा ऐकणाऱ्याने दुप्पट केली काय, पोचणारे सारखेच वाढते. पोचण्याचे पुण्य आणि न पोचण्याचे पाप त्या सूत्राने दोघांत वाटून दिले आहे.

आता ज्या माणसाला मी दोषी ठरवले त्याची गोष्ट सांगतो. ते माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू.

आप्पा मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाळण्यात होतो. त्या संपात त्यांचे काम गेले ते कायमचे. पुढे ते एका गोदामावर रात्रीचे पहारेकरी झाले. साताऱ्याकडच्या आमच्या गावी घरात नऊ माणसे होती. आजी, आई, धाकटे चुलते, काकू, दोन चुलत भावंडे आणि आम्ही तिघे. आप्पांची मनिऑर्डर महिन्याला येई आणि महिन्याला एक निळे आंतरदेशीय पत्र येई. ते पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझे होते.

दहा वर्षांचे पोर हिशेबी असते. पत्रात आजीच्या डोळ्यांविषयी चार ओळी असत, विहिरीच्या गाळाविषयी, बैलाविषयी, चुलत्यांच्या कर्जाविषयी असे. शेवटी एक ओळ येई, 'सर्व मुलांस आशीर्वाद. अभ्यास नीट करणे.' सर्व मुले म्हणजे पाच. एका ओळीचा पाचवा हिस्सा माझा! मी तो मोजला, आणि आप्पांची माया एवढीच आहे असा निष्कर्ष काढून मोकळा झालो. पुढे मी वाढलो, नोकरीला लागलो, आप्पा थकून गावी परतले, पण निष्कर्ष बदलला नाही. मी त्यांच्याशी भांडलो नाही. मी फक्त कामापुरते बोलत राहिलो. एकदाच, कसल्याशा निमित्ताने, तोंडातून निघून गेले, "आप्पा, तुमचं आमच्याकडं लक्षच कधी नव्हतं."

ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कागद एवढाच असायचा रं."

मला ती सबब वाटली. खोडदला गेलो तेव्हा आप्पांना जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि फुग्यावरचा फिका ठिपका पाहताना मला प्रथमच कळले की ते सबब सांगत नव्हते, हिशेब सांगत होते. शाई तेवढीच होती. ती नऊ माणसांवर पसरली होती.

त्या वर्षी भाऊबिजेला आम्ही तिघे भावंडे गावी जमलो. आईच्या ट्रंकेतली पत्रे बाहेर काढली. एकेक उलगडू लागलो. अक्का म्हणाली, तिला नेहमी वाटे की आप्पांचे लक्ष फक्त माझ्यावर, थोरल्या मुलावर. धाकट्याला वाटे, ते फक्त अक्कावर. प्रत्येकाने आपापल्या तिकिटाएवढ्या कानाने ऐकले होते आणि प्रत्येकाचा निकाल एकच होता, बाकीच्यांना मिळाले, मला नाही. आता तिघांनी आपापले आठवलेले एकत्र मांडले तेव्हा एक माणूस दिसू लागला, जो आमच्यापैकी कोणालाही एकट्याने पुरता दिसला नव्हता. खोडदलाही ३० तबकड्या आहेत त्या यासाठीच. कोणा एकीला जे स्पष्ट होत नाही ते सगळ्यांचे जुळवल्यावर स्पष्ट होते.

आणि मग ते पत्र निघाले. तारीख १९९१ ची. जागा संपल्यामुळे समासात आडवे लिहिलेले होते: 'थोरल्याची गणिताची वही बघत जाणे. तो लपवतो. मारू नये.'

मला ती ओळ ओळखू आली. आजीला पत्र वाचून दाखवणारा मीच होतो. मी ती ओळ गाळली होती.

वही मी खरोखरच लपवत असे. आप्पा वर्षातून चार दिवस सुटीवर येत, त्या चार दिवसांत त्यांनी ते हेरले होते, आणि अडीचशे किलोमीटरांवर गोदामाच्या दारात बसून त्यांना ते आठवले होते. कागद संपला तरी त्यांनी समास शोधला होता. लहर आली होती. ऐकायला मीच बसलो होतो. आणि मीच लाजेने ती पुसली, मग तीस वर्षे तक्रार केली की काही आलेच नाही.

इथे वाचक मला अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. दोष सगळा ऐकणाऱ्यावर टाकणे हाही एक अन्यायच नाही का? ज्या मुलाच्या बापाने कधी पत्रच लिहिले नाही, त्याने काय आपला कान मोठा करीत बसावे? नाही. सूत्र तसे म्हणत नाही. अंशस्थानी गुणाकार आहे. बोलणाऱ्याच्या बाजूस शून्य असेल तर ऐकणाऱ्याची तबकडी डोंगराएवढी असूनही उत्तर शून्यच येते. ज्याने पाठवलेच नाही त्याचा बचाव करायला मी इथे बसलेलो नाही.

दुसरेही एक म्हणणे आहे. बोलणाऱ्याला आपला आवाज एकाच दिशेला वळवता येतो. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान आपल्यापासून २४०० कोटी किलोमीटरांहून अधिक दूर गेले आहे. त्याचा प्रक्षेपक घरातल्या लहान दिव्याइतक्या, सुमारे वीस वॅट शक्तीचा. तरी त्याचे बोलणे पृथ्वीवर ऐकू येते, कारण ३.७ मीटरच्या तबकडीने ते आपला सगळा आवाज पृथ्वीकडेच रोखते. आप्पांना हे करता आले नसते का? आले असते. पण यानाला एकच घर आहे. आप्पांनी सारा कागद माझ्याकडे वळवला असता तर आजीचे डोळे आणि चुलत्यांचे कर्ज अंधारात राहिले असते. एकाला उजळायचे तर बाकीच्यांना काळोखात ठेवावे लागते, हाही त्याच गणिताचा भाग आहे. ज्याच्यावर नऊ माणसे अवलंबून आहेत त्याने पसरूनच लिहावे लागते.

राहिला तो दहा वर्षांचा मुलगा. त्याला मी दोष देत नाही. लहान मुलाचा कान लहानच असायचा. त्याला जे ऐकू येत नाही त्याची भरपाई मोठ्यांनीच करायची असते. पण माणूस तिशीला येतो, चाळिशीला येतो, आणि तरीही दहाव्या वर्षी मोजलेला हिस्साच खरा धरून बसतो, तेव्हा त्याने कान वाढवला नाही एवढाच त्याचा अर्थ होतो. मी वाढवला नाही. शिवाय माझ्या आत राग सतत गुणगुणत होता. खोडदच्या दारात मोबाइल बंद करायला लावतात त्याचे मर्म मला पुढे कळले. क्षीण आवाज ऐकायचा तर नुसता मोठा कान पुरत नाही, आपल्याकडची गडबडही थांबवावी लागते.

त्या दिवशी तिथे ऐकलेली आणखी एक हकिकत सांगून थांबतो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपच्या अवकाश संस्थेचे 'स्कियापारेल्ली' हे छोटे यान मंगळावर उतरत होते. त्याचा प्रक्षेपक अवघ्या काही वॅटचा. तो पृथ्वीशी बोलतच नव्हता. त्याचे बोलणे मंगळाभोवती फिरणाऱ्या सोबतच्या यानासाठी होते. मध्ये सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर अंतर. त्या लहरीवर त्या अंतराची 'हानी' सूत्राने काढली तर ती जवळजवळ नऊवर चोवीस शून्ये इतकी येते. म्हणजे निघालेल्यातला तितकावा भाग त्या साध्या कानाला मिळायचा. तरी खोडदच्या तबकड्यांनी तो आवाज टिपला. दुसऱ्या कोणासाठी असलेले ते बोलणे, दहा मिनिटांचा प्रवास करून आलेले, इथल्या माळावर ऐकू आले. मग उतरण्याच्या थोडे आधी ते थांबले. यान मंगळावर आदळले होते. पण आदळेपर्यंत ते काय बोलत होते ते कोणीतरी ऐकत होते.

आप्पांचे बोलणे थांबले तेव्हा मी त्याच घरात, पलीकडच्या खोलीत होतो.

माझी मुलगी आता पुण्याला वसतिगृहात शिकते. रात्री तिचा फोन येतो, दोन मिनिटांचा. जेवलात का, आजीचा गुडघा कसा आहे, परीक्षा आहे, ठेवते. पूर्वी मला वाटे, पोरगी बदलली. आता तिच्याही आयुष्यात माणसे वाढली आहेत, शाई तेवढीच आहे. फोन वाजला की मी दूरदर्शनचा आवाज बंद करतो, हातातली वही खाली ठेवतो आणि ऐकतो. परवा ती "ठेवते" म्हणाली आणि मग क्षणभर थांबली. पूर्वी मी त्या क्षणात फोन ठेवून दिला असता. या वेळी नाही ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, दिवाळीला चकल्या तुम्हीच पाडा. आईच्या जाड होतात."

एवढेच. समासातली ओळ होती, पण पोचली.